त्रास होतोय, म्हणजे गुण येतोय?



चातुर्मास जवळ आला की आपल्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. एक म्हणजे कोणत्या महाराजांचा चातुर्मास कुठे आहे, प्रवचन किती वाजता आहे याचे. दुसरे डिटॉक्सचे. ७ दिवस नुसता रस, १४ दिवस कच्चं अन्न, २१ दिवस गहू-दूध-साखर बंद. ज्या सुरू करतात त्यांचे तिसऱ्या दिवसापासून प्रश्न येऊ लागतात. डोकं ठणकतंय. मळमळतंय. सकाळपासून चारदा जुलाब झाले. अंगावर पुरळ आलंय. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, काय करू? आणि ग्रुप चालवणाऱ्या ताईंचं उत्तर दरवेळी एकच असतं, सोबत हात जोडलेले आणि एक फूल: "अभिनंदन! विष बाहेर पडतंय. थांबू नका."

मला आज या "अभिनंदन"शी भांडायचं आहे.

आहार बदलण्याशी माझं भांडण नाही. तळण कमी करा, साखर कमी करा, पालेभाजी वाढवा, रात्री खाणं बंद करा, हे तर आपल्याला घरातल्या मोठ्यांनी लहानपणापासून शिकवलंय. आहार बदलल्यावर चार दिवस अंग कुरकुरतं हेही खरं. पण ही कुरकुर म्हणजे फायद्याचा पुरावा आहे, जितका त्रास जास्त तितकी साफसफाई जास्त, ही शिकवण चुकीची आहे आणि आपल्या बायकांच्या बाबतीत धोक्याचीही आहे.

आधी या शिकवणीची ठेवण बघा. पावडर घेऊन बरं वाटलं, तर पावडरचा गुण. त्रास झाला, तर विष बाहेर पडतंय, म्हणजे पुन्हा पावडरचाच गुण. काहीच झालं नाही, तर "तुमच्या शरीरात विष खोलवर बसलंय, आणखी एक कोर्स करा." या बाईचं औषध चुकलं असं कधी ठरणार? कधीच नाही. भाजीवाल्याने असा हिशेब केला असता तर आपण त्याच्या गाडीवर पुन्हा गेलो नसतो. कोथिंबीर ताजी निघाली तर माझी हुशारी, सडकी निघाली तर तुमच्या घरातली घाण बाहेर आली! पण तब्येतीच्या बाबतीत हाच हिशेब आपण मान डोलवून ऐकतो आणि वर काही हजार रुपयेही मोजतो. त्रासालाच गुण म्हटलं की पैसे परत मागायची वेळच येत नाही.

आता एकेक त्रास घेऊ. "विष" कोणतं, त्याचं नाव काय, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. त्रासाचं कारण विचारलं तर मात्र बहुतेक वेळा अगदी साधं उत्तर सापडतं.

डोकं दुखतं ते बहुधा चहामुळे. रोज तीन-चार कप पिणाऱ्या बाईने एकदम चहा सोडला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवसांत दुखणं सर्वात जास्त होतं आणि साधारण आठवडाभरात निवळतं. चिडचिड, जांभया, कामात लक्ष न लागणं हेही त्यातलंच. कॅफिनची सवय सुटण्याची ही लक्षणं आहेत. आपल्यातल्या जुन्या बायकांना कॅफिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण पर्व सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून त्या चहाचे कप कमी करत आणायच्या, म्हणजे उपवासाच्या दिवशी कपाळाला पट्टी बांधायची वेळ येत नसे. हे विष असतं तर चहाचा एक घोट घेतल्यावर तासाभरात डोकं उतरलं नसतं.

उठताना चक्कर येते, कारण भात-पोळी एकदम बंद केली की शरीरातलं इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकू लागतात. त्यात "मीठही बंद" असेल तर रक्तदाब खाली येणारच. पहिल्या चार दिवसांत वजनकाटा दीड-दोन किलो खाली दिसतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, तेही बरंचसं हेच पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की ते पाणी जातं, आणि पोळी सुरू केली की परत येतं.

पोट फुगतं, कारण कालपर्यंत मऊ वरण-भात खाणाऱ्या आतड्यावर आज वाटीभर कच्ची मोडाची मटकी आणि दोन ताटल्या कोशिंबीर पडली. न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि वायू होतो. हळूहळू वाढवलं असतं तर आतड्याला सवय झाली असती. जुलाब होतात, कारण त्या पावडरीत अनेकदा सोनामुखी असते. सोनामुखीने जुलाब होणं हा तिचा गुणधर्मच आहे. विष असो वा नसो, कोणालाही होतील. त्यात पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, मग पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. तोंडाला वास येतो, कारण खाणं तुटल्यावर शरीर चरबी जाळतं आणि त्यातून तयार होणारं अॅसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं. आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमुठीने गळतात, तोवर कोर्स संपलेला असतो, म्हणून कोणी त्याचा संबंध जोडतच नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी चार-आठ दिवसांत आपोआप जातात, हे मी मान्य करते. पण एखादी गोष्ट निरुपद्रवी असणं वेगळं आणि ती उपकारक असणं वेगळं. नवी चप्पल चावते आणि आठवड्याने चावायची थांबते. म्हणून फोड आला ते बरं झालं, असं कोणी म्हणत नाही.

मग शरीरातली घाण काढतं कोण? यकृत आणि मूत्रपिंडं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. अन्नातल्या प्रथिनांपासून होणारा अमोनिया खरोखर विषारी असतो, तो यकृत रोज युरियात बदलतं. हे काम चालू असताना आपल्याला काही कळतही नाही. ज्या दिवशी ही इंद्रियं थकतात त्या दिवशी त्रास सुरू होतो. म्हणजे मळमळ आणि अशक्तपणा ही काम बिघडल्याची खूण असू शकते, काम जोरात चाललंय याची नव्हे.

आता आपल्या स्वयंपाकघरातलंच एक उदाहरण. बाजारातल्या डिटॉक्सच्या कृतींत बीट, गाजर, आलं, लसूण आणि मध असतो. आपल्याला त्यातलं काहीच चालत नाही. म्हणून "जैन डिटॉक्स" म्हणून दुधीचा, कोहळ्याचा, काकडीचा रस पुढे आला. दुधी सात्त्विक, थंड, हलका. सगळं खरं. पण या वेलींच्या फळांत कधीकधी कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू द्रव्य वाढतं, आणि ते विषारी आहे. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर रस काढूच नका, आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर लगेच रुग्णालयात जा. या विषावर उतारा नाही. वेळेत सलाईन आणि उपचार मिळणं हाच उपाय.

आता हा सल्ला आणि ग्रुपवरचा सल्ला शेजारी शेजारी ठेवा. रस पिऊन उलट्या-जुलाब सुरू झालेल्या बाईला समिती सांगते, दवाखान्यात जा. ताई सांगतात, अभिनंदन, विष बाहेर पडतंय, थांबू नका. विष बाहेर पडत नसतं, ते नुकतंच आत गेलेलं असतं. भाजीला दुधी चिरताना आपली आजी एक फोड जिभेला लावायची आणि कडू निघाला तर टाकून द्यायची. "जितकं कडू तितकं गुणकारी" म्हणत नाक दाबून पिणाऱ्या आपण तिच्यापेक्षा शहाण्या झालो का? कारल्याचं विचाराल तर त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा असतो. दुधी-काकडीने मात्र कडू असायचंच नाही.

"अहो, पण डॉक्टरही मानतात, बरं होताना आधी वाढतं," असं मला एकीने ऐकवलं. हे कुठून आलं ते सांगते. सिफिलिससारख्या काही संसर्गांत औषध दिलं की काही तासांत ताप आणि थंडी भरते, कारण जंतू एकदम मरतात. यारिश यांनी १८९५ साली आणि हेर्क्सहाइमर यांनी १९०२ साली हे नोंदवलं, म्हणून त्या दोघांच्या नावानेच ते ओळखलं जातं. तिथे जंतू ठाऊक असतो, औषध ठाऊक असतं, आणि ताप बहुधा दिवसभरात उतरतो. डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात, अभिनंदन करत नाहीत. गव्हाची पोळी सोडल्यावर आलेल्या डोकेदुखीला हे नाव लावणं म्हणजे शेजारच्या घरची पत्रिका आपल्या मुलाला जुळवणं आहे.

दुसरा लाडका पुरावा नोबेलचा. २०१६ सालचं वैद्यकाचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, आणि आपल्या ग्रुपवर दरवर्षी पर्वाच्या वेळी "जैन उपवासाला नोबेल" म्हणून ते फिरतं. ओसुमींनी यीस्टच्या पेशींवर काम केलं. पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून पुन्हा वापरते, ती यंत्रणा त्यांनी उलगडली. काम फार मोठं आहे. पण तुमच्या चौथ्या दिवसाच्या उलट्या म्हणजे ती यंत्रणा चालू झाल्याची खूण, असं त्यात कुठेही नाही.

आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनाही एक विचारते. पंचकर्मात शोधन आहे हे खरं, पण तिथे आधी पूर्वकर्म असतं, रोग्याचं बळ बघितलं जातं, वैद्य समोर असतो. आणि शोधन गरजेपेक्षा जास्त झालं तर त्याला अतियोग म्हणतात. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनातून होणाऱ्या उपद्रवांवर वेगळा अध्याय आहे. म्हणजे ज्या शास्त्राचा दाखला द्यायचा, तेच शास्त्र सांगतं की जास्त त्रास हा बिघाड आहे आणि त्यावर उपचार करायला हवा.

आता आपल्या मनाला सर्वात जास्त भिडणारी बाजू. डिटॉक्सवाले आपल्याशी तपाच्या भाषेत बोलतात. "कर्म झडतात तसं विष झडतं." "सहन करा, शुद्धी होते." आपण लहानपणापासून तपस्वींना वंदन करत आलो, म्हणून ही भाषा थेट आत जाते. पण नीट बघा, दोन्हींत काय साम्य आहे?

तप निर्जरेसाठी असतं. अनशन असो, ऊनोदरी असो की रसपरित्याग, त्यातून चरबी उतरेल किंवा चेहरा उजळेल असं वचन कोणी देत नाही. शरीराला क्लेश होतात हे उघड मान्य केलेलं असतं. ते क्लेश शरीराच्या फायद्याचे आहेत असं ढोंग तिथे नाही. आणि नुसत्या क्लेशाला आपल्याकडे किंमत नाही. समजेविना केलेल्या कष्टाला बालतप म्हणतात. कमठाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तो पंचाग्नी पेटवून बसला होता, त्याचे कष्ट अगदी खरे होते. पण त्याच्या जळत्या लाकडात जिवंत नाग होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. ते बघितलं पार्श्वकुमारांनी. कष्ट खरे आहेत एवढ्यावर कृती बरोबर ठरत नाही, हे आपल्याला वेगळं कोणी सांगायला नको.

सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे. आपल्या शक्तीप्रमाणे तप. पच्चक्खाण घेताना आगार ठेवतात, प्रकृती बिघडली तर त्यात वाट असते. अठाई करणाऱ्या मुलीच्या घरी आपण जातो ते काय विचारायला? सुखशाता विचारायला. शाता आहे ना, झोप लागते ना, चक्कर नाही ना. सासूबाई रात्री दोनदा उठून बघतात. आणि डिटॉक्सच्या ग्रुपवर? अशाता कळवली की टाळ्या. तिथे आगार नाही, शाता विचारणारं कोणी नाही, आणि समोरच्या बाईला मधुमेहाची गोळी चालू आहे का, एवढंही कोणी विचारलेलं नसतं.

हे मी बायकांसाठीच का लिहिते? कारण सहन करण्याची सवय आपल्यालाच जास्त लावलेली आहे. घरात पुरुषाला दोन दिवस चक्कर आली तर तिसऱ्या दिवशी रक्त तपासतात. बाईला आली तर "उन्हाने असेल". त्यावर आता "डिटॉक्सने असेल" हे नवं पांघरूण आलं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दम लागणं, थकवा, केस गळणं ही लक्षणं आपल्यातल्या अर्ध्याहून जास्त जणींच्या घरात आधीच बसलेली आहेत. त्यात दूध-दही बंद करायला सांगतात. आपल्या आहारात बी-१२ येतं ते जवळजवळ फक्त दुधातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांच्या अभ्यासांत शाकाहारी लोकांत बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर दिसली आहे. हातापायांना मुंग्या, जीभ सोलल्यासारखी होणं, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं. एखादी बाई या मुंग्यांना "नसांतून विष निघतंय" समजून सहा महिने बसली, तर मज्जातंतूंचं झालेलं नुकसान नंतर इंजेक्शनं घेऊनही पूर्ण भरून येईलच असं नाही. तपासणीला एक चमचा रक्त लागतं.

"पण मला खरंच हलकं वाटलं," असं काही जणी म्हणतील. वाटलं असेल. तुम्ही तळण सोडलंत, बाहेरचं सोडलंत, रात्री दहाला झोपलात, पाणी नीट प्यायलात. त्याचं श्रेय त्या सवयींना द्या आणि त्या ठेवा. तिसऱ्या दिवसाच्या उलट्यांना ते श्रेय देऊ नका. उलट्या न होता हेच सगळं केलं असतं, तरी हलकंच वाटलं असतं.

मग करायचं काय? आहार बदलायचा तर एका वेळी एक गोष्ट बदला आणि दोन आठवडे द्या. चहा सोडायचा असेल तर रोज अर्धा कप कमी करत जा. चोथा वाढवायचा असेल तर आधी शिजवलेली भाजी वाढवा, कच्चं नंतर. पावडरीच्या डब्यावर घटक लिहिले नसतील तर ती घेऊ नका. मधुमेह, रक्तदाब किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका. खाणं कमी आणि मधुमेहाची गोळी तेवढीच, यात साखर इतकी उतरू शकते की बाई स्वयंपाकघरातच कोसळते.

आणि काही खुणा दिसल्या तर ग्रुपवर विचारत बसू नका, दवाखान्यात जा. शुद्ध हरपणं, छातीत धडधड, उलटीत किंवा शौचात रक्त, न थांबणारे जुलाब, सात-आठ तास लघवी न होणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद होणं, ताप, बोलण्यात गोंधळ. पुरळाबरोबर ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर एक मिनिटही दवडू नका.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी लिहिलं की तिसरा दिवस आहे आणि चक्कर येतेय, तर त्या फुलाच्या आणि हात जोडलेल्या चित्राच्या आधी तुमचा मेसेज जाऊ द्या. तिला विचारा: काय खाल्लंस, कोणती गोळी चालू आहे, घरात सोबत कोण आहे? आणि सांगा की आजचा रस राहू दे, मऊ मुगाची खिचडी खा, आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर मी बरोबर येते डॉक्टरांकडे.

जय जिनेंद्र.